शनि आडवा आला

स्टोअरच्या मामांचा हात छातीपाशी गेला आणि तिथंच थांबला. चष्मा काढायचा होता. तो रोज शर्टाच्या खिशात असतो, डावीकडं, दोन बॉलपेनांच्या मधे. पण त्या दिवशी अंगात शर्ट नव्हता, पांढरीशुभ्र बाराबंदी होती, आणि मामांच्या बाराबंदीला खिसा नव्हता. बोटं दोनतीनदा नाड्यांवरून फिरली, काही सापडेना, मग मामा स्वतःच हसले. "चष्मा शर्टातच राहिला की घरी. ताई, तुम्हीच वाचा काय लिहिलंय ते." आणि गेटपास माझ्यापुढं धरला.

2020 च्या जानेवारीतली गोष्ट. गड्ड्याचे दिवस. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते: संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर होम पेटतो. त्याच मैदानावर पाळणे, मौत का कुआँ आणि भजी. मामा नंदीध्वज पेलणाऱ्यांपैकी. महिनाभर आधीपासून सराव चालतो त्यांचा. एरवी वर्षभर ते टॉवेलच्या गाठी मोजतात आणि कुणी सही न करता सुताची कोन नेली की ओरडतात. त्या चार दिवसांत मात्र बाराबंदी चढली की कारखान्याचे मालकसुद्धा त्यांना वाकून नमस्कार करतात. माणूस बदललेला असतो. फक्त हाताला ते अजून कुणी सांगितलेलं नसतं.

मामा दारात आले तेव्हा मीही त्याच अवस्थेत बसले होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर खातं म्हणजे मी एकटी. गड्ड्यात निम्मे कामगार रजेवर, डिस्पॅच थंड, म्हणून सर्व्हरवरची जुनी डेबियन 9 (लिनक्सची एक जात) काढून 10 घालायचा मुहूर्त मी डिसेंबरपासून धरून ठेवला होता. घातली. सगळं नीट उठलं. मग नव्या पोराचं खातं उघडायला म्हणून रूट, म्हणजे मशिनचा सर्वाधिकारी, झाले आणि यूझरॲड (नवं खातं उघडायची आज्ञा) टाइप केलं. उत्तर आलं: कमांड नॉट फाउंड.

पंधरा वर्षं हाताखालची आज्ञा. परवापर्यंत चालत होती. मशिन म्हणतंय, असली काही चीज नाही.

चीज होती. यूएसआरच्या पोटातल्या एसबिन नावाच्या कप्प्यात होती, कायम असते तशी. पण शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा ऐकणारा प्रोग्राम, काही सगळं घर धुंडाळत नाही. त्याच्याकडं पाथ नावाची एक यादी असते: आधी या कप्प्यात बघ, मग त्या, मग त्या. यादीत नसलेल्या कप्प्यात सोनं असलं तरी त्याच्या लेखी ते नाहीच. साध्या माणसाच्या यादीत एसबिन नसतो, रूटच्या यादीत असतो. मी रूट झाले होते, पण यादी माझ्या साध्या खात्याचीच घेऊन. मामांचा हात खिशाकडं गेला तसा.

आधी हे का होत नव्हतं, याचं कारण गमतीचं आहे. डेबियन 9 पर्यंत जी सू (रूट व्हायची आज्ञा) होती ती रूट करताना पाथ आपणहून बदलून द्यायची. 10 मध्ये त्यांनी सू दुसऱ्या पोतडीतली घेतली, युटिल-लिनक्समधली, आणि ही बाई पाथला हातच लावत नाही. नाव तेच, स्पेलिंग तेच, दोन अक्षरं. फक्त स्वभाव वेगळा. त्या वर्षी जगभर किती जणांनी कपाळावर हात मारला असेल देव जाणे.

आता सू म्हणजे काय हे जरा सांगायला हवं, नाहीतर ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही ते इथूनच उठून जातील. युनिक्सच्या घराण्यातल्या मशिनवर एका वेळी पुष्कळ जण नांदतात. काही खरी हाडामांसाची माणसं, काही नुसती कामापुरती नावं: डेटाबेसचं एक, छपाईचं एक, बॅकअपचं एक. प्रत्येकाचं घर वेगळं, हक्क वेगळे. आपल्या खात्यातून उठून दुसऱ्याच्या खात्यात शिरायचं असलं की सू. मी शिकाऊ पोरांना सांगताना एकच शब्द वापरते: परकायाप्रवेश.

शंकराचार्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मंडनमिश्रांना वादात हरवलं, पण उभयभारतीनं कामशास्त्रावर प्रश्न टाकले आणि संन्याशाची बोलती बंद झाली. मुदत मागून घेतली, अमरुक राजाच्या मृत देहात शिरले, आपला देह गुहेत ठेवला, राखणीला शिष्य. गोष्टीचा मला आवडणारा भाग त्याच्या पुढचा आहे. दरबारातल्या प्रधानांना संशय आला. राजा जिवंत झाला याचा नव्हे. राजा एकाएकी शहाणा झाला याचा. मुकुट राजाचा, राण्या राजाच्या, सही राजाची; पण आत बसलेला माणूस येताना आपली विद्या घेऊन आला होता आणि ती लपेना.

सूचं अगदी हेच आहे. ओळख बदलते, हक्क बदलतात, पण शिरताना जुन्या घरचं बरंच काही खांद्यावरून लोंबत येतं. या लोंबणाऱ्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात: पाथ, भाषा, पडदा कुठला, एडिटर कुठला, आत्ता उभे कुठं आहात. हे असं का, याचा उलगडा मला तारखा बघितल्यावर झाला. सू पहिल्या युनिक्सपासून आहे, 1971 च्या मॅन्युअलमध्ये तिचं पान आहे. आज आपण ज्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतो ते आलं 1979 मध्ये, सातव्या आवृत्तीत. म्हणजे परकायाप्रवेशाची विद्या आधी, आणि अंगावरचे कपडे आठ वर्षांनी. तेव्हा कपड्यांचं काय करायचं, हा प्रश्न सूला जन्मतः पडलेलाच नव्हता. नंतर ज्यानं त्यानं आपापल्या मतानं उत्तर दिलं आणि म्हणून आज एका लिनक्सवर एक उत्तर मिळतं नि दुसऱ्यावर दुसरं.

सध्याची सू साधी वापरली तर मोजक्या गोष्टी बदलते. होम बदलते, शेल बदलते, आणि ज्याच्यात शिरतोय तो रूट नसला तर वापरणाऱ्याचं नावही. (हे होम म्हणजे घर. आमच्या होम मैदानातला होम वेगळा, तो पेटतो.) बाकी सगळं आहे तसं. पण सू लिहून जागा सोडून एक आडवी रेघ काढली की खेळ वेगळा. मग ती सगळं काढून ठेवायला लावते, जवळजवळ फक्त टर्मिनलचा प्रकार तेवढा राहू देते, आणि समोरच्याच्या घरात त्याच्या दारानं, त्याच्या उंबऱ्यावरून, त्याची प्रोफाइल वाचत आत नेते. लॉगिन शेल म्हणतात त्याला. लॉगिन शेल ओळखायचा कसा? त्याला त्याचं नाव विचारायचं. साधा शेल सांगतो, बॅश. लॉगिन शेल सांगतो, -बॅश. नावाच्या कपाळावर एक आडवी रेघ. लिंगायत घरातले आजोबा अंघोळ करून विभूती लावून बाहेर येतात, तसा तो दिसतो मला.

मामांना गेटपास वाचून दाखवला, रेघ मारून पुन्हा रूट झाले, यूझरॲड मुकाट्यानं चालली. रेघ विसरायची नाही असं स्वतःला बजावलं.

दुसऱ्याच दिवशी विसरले.

रात्रीची वेळ, मी घरी होते. आमचं घर पूर्व भागात. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम गच्चीवरून दिसतं, सगळे वर गेले होते. भाची जिन्यातून ओरडत होती, "आत्ते, काय करूलालीस अजून? संपलं की सगळं!" आणि मी लॅपटॉपपुढं. कारण कारखान्यातली लाइट गेली होती, यूपीएस दमला होता, सर्व्हर पडून पुन्हा उठला होता आणि बॅकअपचा रखवालदार उठलाच नव्हता. रखवालदार म्हणजे मीच लिहिलेली एक स्क्रिप्ट: जागी राहायची, रात्र झाली की बदललेल्या फायली उचलायच्या, आणि शनिवार असला तर सगळंच्या सगळं बाहेरच्या डिस्कवर. हे काम क्रॉनला, ठरल्या वेळी कामं उठवणाऱ्या प्रोग्रामला, द्यायचं असतं हे मलाही कळतं. पण क्रॉनची आणि माझी एकदा भांडणं झाली होती, हातानं चालवलं की चालतं आणि क्रॉननं चालवलं की नाही, ते नेहमीचंच (क्रॉनच्या पाथमध्ये दोनच कप्पे असतात, बाकी सगळं आपण लिहून द्यायचं), आणि तेव्हा आळसानं मी आपला रखवालदार उभा केला होता.

तर जिन्यातून हाक, बाहेर आवाज, आकाश लाल-हिरवं. मी सर्व्हरवर गेले, सू केलं, बॅकअपच्या खात्यात शिरले, रखवालदाराला तात्पुरतं हातानं उठवलं, चालू झाल्याचं बघितलं आणि गच्चीवर पळाले. शेवटचे दोन बाण मिळाले बघायला. रेघ राहिली.

तात्पुरतं केलेलं काम आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त टिकतं.

त्यानंतर तीन आठवडे काहीही झालं नाही. हेच वाईट. 3 फेब्रुवारीला, सोमवारी, डिस्क बदलायला गेले तर तिच्यावरची शेवटची तारीख 11 जानेवारी. तीन शनिवार गायब. लॉग उघडला. एकही तक्रार नाही. रोजच्या ओळी रोजच्यासारख्या, शनिवारच्या ओळीपुढं लिहिलेलं की रोजचा बॅकअप पूर्ण. म्हणजे रखवालदार शनिवारी जागा होता, कामही केलं, फक्त त्याला तो शनिवार वाटलाच नाही.

मी तो लॉग दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला. डिस्क तपासली, जागा तपासली, परवानग्या तपासल्या. घड्याळ बरोबर होतं, टाइमझोन बरोबर होता. चहा आणायला सांगितला. तिसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर नजर गेली आणि परत आली. "शनि". तिच्या वर "शुक्र". तिच्या वर "गुरु". अजून वर गेले. संक्रांतीच्या आसपास कुठंतरी, त्याआधी, "ट्यू", "मॉन", "सॅट" अशी इंग्रजी तीन अक्षरांची नावं.

मशिनला मराठी कुणी शिकवली?

दोन वेळा डोळ्यांखालून गेलं तरी दिसलं नाही, कारण त्यात न दिसण्यासारखं काही नव्हतंच. शनिवारला शनि लिहिलं होतं. कुणी इंग्रजी वाचणारा असता तर पहिल्याच ओळीला दचकला असता. मला ते आपलंच वाटलं.

पुढचं मग भराभर उलगडलं, आणि प्रत्येक धागा माझ्याच हाताशी येऊन थांबला. माझा लॅपटॉप मी हौसेनं मराठीत ठेवते. वरच्या पट्टीत वार मराठीत दिसतो, फाइल पुसताना मराठीत विचारतो, बरं वाटतं. एसएसएचनं, म्हणजे दुरून मशिनवर शिरायच्या रस्त्यानं, सर्व्हरवर जाताना ही भाषेची आवडही सोबत जाते. लॅपटॉप पाठवतो, सर्व्हर घेतो, दोन्हीकडं मुळातच तशी सोय करून ठेवलेली असते. पूर्वी सर्व्हरकडं मराठी नव्हती, तेव्हा तो प्रत्येक वेळी कुरकुरायचा: लोकेल (मशिनची भाषेची मांडणी) बदलता येत नाही, पर्ल म्हणायचं लोकेल लावणं फसलं, आता सी, म्हणजे मूळचं साधं लोकेल, वापरतो. रोज त्या चार ओळी बघून वैतागले आणि एका दुपारी सर्व्हरवर मराठी लोकेल तयार करून टाकलं. कुरकुर बंद. किती छान वाटलं होतं तेव्हा! कुरकुर होती तोवर तो निदान सांगत तरी होता.

मग त्या रात्री बिनरेघेची सू. माझी भाषा माझ्यासोबत बॅकअपच्या खात्यात शिरली. तिथून उठवलेल्या रखवालदाराला ती जन्मतःच मिळाली. आणि प्रोसेसचं, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचं, असं असतं की जन्माच्या वेळी आईकडून जी शिदोरी मिळते तीच. आई नंतर बदलली, मेली, घरी गेली, तरी लेकराच्या गाठोड्यात फरक पडत नाही. मी एसएसएच तोडून गच्चीवर गेले होते. माझी भाषा तीन आठवडे सर्व्हरवर राबत होती. स्क्रिप्ट विचारायची, आज सॅट आहे का? तारीख सांगायची, शनि. नाही ना? मग साधंच काम.

मालकांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे शनि आडवा आला म्हणा की." माणूस वाईट नाही. सुदैवानं त्या तीन आठवड्यांत डिस्क मेली नाही, डिझाइनची कुठली फाइल उडाली नाही; नाहीतर हा लेख मी इतक्या हसतखेळत लिहिला नसता, आणि त्यांनीही कोटी केली नसती.

पण मला पुरावा हवा होता. लिनक्सवर चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसचं गाठोडं उघडून बघता येतं. प्रॉक नावाचं एक मायेचं फोल्डर असतं, डिस्कवर नसतंच ते, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्याला दाखवण्यापुरतं उभं करतो. त्यात प्रोसेसच्या नंबरानं खोली, खोलीत एन्व्हायरन नावाची फाइल. ती उघडली की सगळं एका ओळीत चिकटून येतं, कारण मधे अंतर म्हणून शून्य बाइट असतात, ते फोडून ओळी कराव्या लागतात. फोडल्या. होम: बॅकअपचं. युजर: बॅकअप. इथवर ठीक. लँग: मराठी, भारत. पाथ: त्यात माझ्या घरचा खासगी कप्पा. एसएसएच कनेक्शन: आमच्या पूर्व भागातल्या घरचा त्या रात्रीचा आयपी पत्ता. पीडब्ल्यूडी, म्हणजे बांधकाम खातं नव्हे, आपण उभे आहोत ती जागा: माझं फोल्डर. लेबलांच्या फायली मी ज्यात ठेवते ते.

तीन आठवड्यांपूर्वीची ती रात्र जशीच्या तशी त्या प्रोसेसच्या पोटात होती. दारूकाम सोडून सगळं.

त्या दिवशी घरी येताना मला नान्नांची, वडिलांची, आठवण सारखी येत होती, म्हणजे ते घरीच असतात, पण जुन्या नान्नांची. आम्ही पद्मशाली. पणजोबा तेलंगणातून आले, तेव्हापासून माग. नान्ना चादरीच्या यंत्रमागावर होते, जॅकार्डच्या. (जॅकार्डची पत्ती आणि कॉम्प्युटर हे नातं इतक्या जणांनी इतक्यांदा सांगून झालंय की मी सोडून देते.) शाळेच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायचे. कारखान्यात शिरलं की त्यांच्या तीन भाषा चालायच्या. शेजारच्या मागवाल्याशी तेलुगू. मुनीमजींशी मराठी, तीही जरा उभं राहून बोलल्यासारखी. सूत घेऊन येणाऱ्या चाचांशी हिंदी. एकीतून दुसरीत जाताना त्यांना श्वाससुद्धा घ्यावा लागायचा नाही. मुनीमजींपुढं तर ते अगदी वेगळे व्हायचे, खांदे सुद्धा बदलायचे.

पण मुनीमजींपुढं चादरी मोजायची वेळ आली की ओठ हलायला लागायचे. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. आवाज नाही, फक्त ओठ. बारा झाले की तोंडानं मोठ्यानं मराठीत, "एक डझन झाले मालक." पुन्हा ओठ, ओकटी, रेंडू. मुनीमजी कधीकधी मधेच काहीतरी विचारायचे, तेव्हा नान्ना मराठीत उत्तर द्यायचे आणि बोट तेवढं चादरीवर दाबून धरायचे, आकडा निसटू नये म्हणून. नाव, आवाज, खांदे सगळं बदललं होतं. मोजणं माहेरचंच राहिलं होतं.

मी स्वतः मोजते मराठीत. शिव्या मात्र तेलुगूत देते, आणि त्या त्या सोमवारी दिल्या.

युनिक्समध्ये मी कोण, हे विचारायच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, हे मला फार आवडतं. हू-ॲम-आय हे तिन्ही शब्द जोडून एका दमात लिहिलं, तर ते आत्ताचे हक्क बघून सांगतं: तू बॅकअप आहेस. तेच तीन शब्द मधे जागा सोडून, सुटे सुटे लिहिले, तर ते या टर्मिनलवर मुळात कोण येऊन बसलं होतं त्याच्या नोंदीत बघतं आणि माझं नाव सांगतं, मग मी मधे कितीही काया बदललेल्या असोत. कोऽहम् विचारून झाल्यावर उत्तर जागा सोडण्यावर अवलंबून असतं, हे काही आपल्या ऋषींना सुचलं नसेल.

सू करून करून किती खोल गेलो हे मोजायलाही एक आकडा असतो, एसएचएलव्हीएल. पोरं परत यायला एक्झिट करायच्या ऐवजी उलटी सू करतात, मी रूट, मग मी परत मी, मग परत रूट, अशी चळत रचतात आणि शेवटी खिडकी बंद करताना पाच वेळा निरोप घ्यावा लागतो. रेघेची सू केली तर हा आकडा पुन्हा एकपासून. नवा जन्म धरतात तो.

रेघ विसरली की काय काय होतं याची यादी द्यायला बसले तर रात्र जाईल, पण एक सांगते, कारण त्यात मला स्वतःला शहाणं ठरवून घेता येतं. आमच्या अकाउंट्समधला एक डेस्कटॉप एका सकाळी कुणाला आतच घेईना. पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा, आणि पुन्हा पासवर्डची चौकट. चुकीच्या पासवर्डवर तो तसं स्पष्ट म्हणायचा, म्हणजे पासवर्ड त्याला पटत होता. तरी आत घेत नव्हता. कुणीतरी म्हणालं फॉरमॅट मारा. मी काळ्या पडद्यावरून आत जाऊन त्या खात्याच्या घरातल्या फायली मालकाच्या नावासकट बघितल्या. एक्सऑथॉरिटी नावाची एक लपलेली फाइल, पडदा उघडायची किल्लीच ती, रूटच्या नावावर झालेली. कुणीतरी सूडो (एखादी आज्ञा रूट म्हणून चालवायची सोय) लावून खिडकीवाला प्रोग्राम उघडला होता. जुन्या उबुंटूवर, 19.10 च्या आधीच्या, सूडो रूट करायची पण होम मात्र तुमचंच ठेवायची. म्हणजे रूट तुमच्या घरात येऊन बसायचा आणि जाताना कुठल्यातरी डब्याला आपलं कुलूप लावून जायचा. मालकी पुन्हा नावावर केली, अर्ध्या मिनिटात काम. फॉरमॅट म्हणणारा जरा वेळ तिथंच उभा होता.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांना आणखी एक ओळ ओळखीची असेल, फोल्डर बदलता आलं नाही, परवानगी नाही. दिसते भयंकर, पण निरुपद्रवी. आपण आपल्या घरात उभे राहून डेटाबेसच्या कायेत शिरतो. साधी सू किंवा सूडो पाय हलवत नाही, आणि त्या बिचाऱ्याला आपल्या घरात उभं राहायची परवानगी नसते. तो म्हणतो, मला इथं कुठं आणून उभं केलंत? म्हणतो आणि कामाला लागतो.

असली भुतं शोधायची माझी एकच पद्धत आहे. चालतं तिथलं एन्व्ह, म्हणजे एन्व्हायर्नमेंटची यादी, काढायचं, चालत नाही तिथलं काढायचं, दोन्ही सॉर्ट करून शेजारी शेजारी ठेवायचे आणि डिफ, म्हणजे फरक काढायचा. नव्वद टक्के वेळा, हा आकडा माझ्या पोटातला आहे, कुठं मोजलेला नाही, उत्तर त्या पाचसहा ओळींत असतं. आणि ज्याला स्वच्छ हवा लागते अशा स्क्रिप्टला एन्व्ह आणि वजा आय लावून अगदी उघडावाघडा सोडून बघायचं. उघडा चालला तर कुठंही चालेल.

म्हणून सगळीकडं रेघ मारावी का? सेवांच्या खात्यात शिरताना, होय, डोळे मिटून. हातानं काही उठवूच नये, सिस्टिमडीच्या, म्हणजे मशिनवरच्या सेवा उठवणाऱ्या कारभाऱ्याच्या, ताब्यात द्यावं, हे तर त्याहून बरं. पण दिवसभर दुसऱ्याच्या घरात बसून काम करायचं असतं तेव्हा मला माझा एडिटर लागतो, माझे रंग लागतात, आणि तेव्हा मी बिनरेघेची जाते, जाणूनबुजून. शिस्तवाले यावर नाक मुरडतात. मुरडू देत.

स्क्रिप्टमध्ये मी वाराचं नाव विचारणं काढून टाकलं आणि नुसता आकडा मागितला. टक्का यू म्हटलं की तारीख सोमवारला एक म्हणते आणि रविवारला सात. शनिवार सहा. सहाला कुठल्याही भाषेत सहाच. रखवालदाराला मारून रेघेसकट सू केली, त्याच्याच प्रोफाइलनं पुन्हा उठवला, प्रॉकमध्ये जाऊन गाठोडं पाहिलं. माझं त्यात काही नव्हतं. सर्व्हरवरची मराठी मात्र मी काढली नाही. काढायचं ठरवून दोनदा बसले, आणि ठेवली.

8 फेब्रुवारीला, शनिवारी, रात्री थांबले. बाहेरच्या डिस्कचा निळा दिवा साडेदहाला लुकलुकायला लागला तो साडेअकरापर्यंत. लॉगमध्ये सहा, पूर्ण. मामा रात्रपाळीचं स्टोअर बंद करून जाताना डोकावले, शर्ट-पँटमध्ये, चष्मा डोळ्यांवर. "झालं का शनीचं?" म्हणाले. आख्ख्या कारखान्यात गोष्ट पसरली होती. मी एक्झिट टाइप केलं. साधा शेल निरोप देताना एक्झिट म्हणतो, रेघवाला लॉगआउट म्हणतो. लॉगआउट म्हणाला.

घरी आले तेव्हा बारा वाजून गेले होते. भाकरी झाकून ठेवली होती, शेंगाचटणीची बरणी शेजारी. आतल्या खोलीतून नान्नांनी झोपेतच विचारलं, "वच्चिनावा?"

"आले," मी म्हटलं, आणि बरणीचं झाकण उघडलं.